पहिले भारतीय लष्करप्रमुख करिअप्पा : सैन्याची शिस्त नेमकी येते कुठून?

दरवर्षी १५ जानेवारीला देशात लष्कर दिन साजरा होतो. अनेक वर्षं ही परेड दिल्लीत व्हायची. २०२३ पासून ती वेगवेगळ्या शहरांत होऊ लागली आणि २०२५ मध्ये पहिल्यांदाच पुण्यात आली. खडकीच्या बॉम्बे इंजिनीअर ग्रुपच्या मैदानावर झालेल्या त्या परेडचे व्हिडिओ तुमच्याही मोबाईलवर आले असतील. एका रेषेत पडणारी पावलं, एका आवाजात दिलेली सलामी. बघून कुणीही म्हणेल, शिस्त असावी तर अशी.

पण परेडवर दिसते ती शिस्तीची फक्त वरची बाजू झाली. खरी परीक्षा परेड संपल्यावर सुरू होते. हातात बंदूक असलेला माणूस निवडून आलेल्या सरकारचं का ऐकतो? वरिष्ठाने चुकीचा हुकूम दिला तर काय करायचं? साहेबांचा मुलगा आणि साधा जवान यांना नियम सारखाच लागू होतो का?

या प्रश्नांची उत्तरं शोधायची तर १५ जानेवारी ही तारीख ज्यांच्यामुळे लष्कर दिन झाली, त्यांचं आयुष्य बघावं लागतं. त्यांचं नाव कोडंडेरा मडप्पा करिअप्पा. १९४९ साली याच दिवशी त्यांनी ब्रिटिश अधिकारी जनरल रॉय बुचर यांच्याकडून लष्कराची सूत्रं हाती घेतली आणि भारतीय लष्कराला पहिला भारतीय प्रमुख मिळाला.

कोडगूचा मुलगा सैन्यात कसा गेला?

करिअप्पांचा जन्म २८ जानेवारी १८९९ चा, आजच्या कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यातल्या शनिवारसंते गावचा. शालेय शिक्षण मडिकेरीत आणि पुढचं मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये झालं.

त्या काळी ब्रिटिशांच्या भारतीय सैन्यात जवान भारतीय असायचे, पण त्यांच्यावरचे खरे अधिकारी गोरेच असायचे. भारतीय माणूस सुभेदार-जमादार या पदांपर्यंत पोहोचायचा. त्याने कितीही लढाया पाहिलेल्या असोत, कालपरवा आलेल्या तरुण गोऱ्या अधिकाऱ्यालाही त्यालाच सलाम करावा लागायचा.

पहिल्या महायुद्धात लाखो भारतीय सैनिक लढले आणि ही व्यवस्था बदलण्याची मागणी जोर धरू लागली. शेवटी इंदूरच्या डेली कॉलेजमध्ये भारतीय तरुणांना अधिकारी म्हणून तयार करण्यासाठी एक तुकडी सुरू झाली. करिअप्पा या तुकडीत निवडले गेले. १९१९ च्या डिसेंबरमध्ये ते अधिकारी झाले आणि त्यांची पहिली नेमणूक मुंबईत, ८८ व्या कर्नाटिक इन्फन्ट्रीत झाली. पुढे ते मेसोपोटेमियात म्हणजे आजच्या इराकमध्ये आणि नंतर वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानात राहिले.

अधिकारी झाले म्हणून भेदभाव संपला, असं मात्र झालं नाही.

आठ पलटणींची मेख

१९२३ मध्ये ब्रिटिश सरकारने जाहीर केलं की आठ निवडक पलटणींमध्ये हळूहळू सगळे अधिकारी भारतीय केले जातील. ऐकायला छान वाटतं, पण त्यात मेख होती. भारतीय अधिकारी या आठ पलटणींतच राहिले, तर इतर ठिकाणी कुठल्याही गोऱ्या अधिकाऱ्याला भारतीय वरिष्ठाच्या हाताखाली काम करावं लागणार नव्हतं. या आठांत मराठा लाइट इन्फन्ट्रीची एक पलटण होती, तशीच सातव्या राजपूत रेजिमेंटची पहिली पलटणही होती. करिअप्पा याच राजपूत पलटणीत आले आणि पुढे आयुष्यभर ती त्यांची स्वतःची पलटण राहिली.

त्यांच्या नावापुढे नंतर अनेक वेळा 'पहिले भारतीय' लागलं. १९३३ मध्ये क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळवणारे ते पहिले भारतीय अधिकारी. सैन्यात वरच्या पदांची वाट या कॉलेजातून जाते, म्हणून ही गोष्ट मोठी होती. १९४२ मध्ये संपूर्ण पलटणीचं नेतृत्व मिळालेले पहिले भारतीय अधिकारीही तेच. मात्र अधिकारी होण्यापासून इथपर्यंत पोहोचायला त्यांना २० वर्षांपेक्षा जास्त काळ लागला, हेही लक्षात ठेवायला हवं.

या काळात इंग्रजी राहणीमान, काटेकोर पोशाख आणि वेळेचा कमालीचा आग्रह ही त्यांची ओळख बनली. ब्रिटिश सहकाऱ्यांना त्यांचं नाव उच्चारायला जड जायचं, त्यातून 'किपर' हे टोपणनाव चिकटलं. हिंदुस्थानीवर त्यांची पकड बेताचीच होती. देश आता मुक्त झाला आहे, हे जवानांना सांगताना त्यांनी मुक्तऐवजी मुफ्त हा शब्द वापरला, असा किस्सा लष्करात आजही हसत सांगितला जातो.

१९४६ : मुंबईच्या बंदरातला धडा

दुसरं महायुद्ध संपलं आणि शिस्तीचा प्रश्न दोन बाजूंनी समोर आला.

पहिली बाजू मुंबईत दिसली. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रातल्या भारतीय नौसैनिकांनी काम बंद केलं. कारणं साधी होती. जेवण निकृष्ट होतं, वागणूक अपमानास्पद होती आणि केंद्राचा गोरा कमांडर भारतीयांना वंशावरून शिव्या द्यायचा. त्याच्याविरुद्ध तक्रारी झाल्या, पण त्यातून काही निघालं नाही. बघता बघता हे लोण मुंबईच्या बंदरातून कराचीपर्यंत गेलं. सुमारे २० हजार नौसैनिक त्यात उतरले.

आपण याकडे स्वातंत्र्यलढ्याचा भाग म्हणून बघतो आणि ते बरोबरच आहे. पण सैन्याच्या अंगाने बघितलं तर त्यात आणखी एक धडा आहे. वरच्या माणसाला कुणी जाब विचारत नसेल, तर खालच्या माणसाने शिस्त पाळावी ही अपेक्षा फार काळ टिकत नाही. शिक्षेची भीती काही दिवस काम करते, पण अन्याय होतोय आणि दाद मागायला जागा नाही हे एकदा कळलं की तीही संपते.

आझाद हिंद फौजेचा अवघड प्रश्न

दुसरी बाजू याहून अवघड होती. सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद फौजेत सामील झालेले हजारो सैनिक ब्रिटिशांच्या ताब्यात होते. १९४५ च्या अखेरीस लाल किल्ल्यात शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग ढिल्लों यांच्यावर खटला सुरू झाला. देशभर त्यांच्यासाठी मोर्चे निघाले. लोकांच्या नजरेत ते वीर होते.

करिअप्पा तेव्हा ब्रिगेडियर होते. ताब्यात असलेल्या या सैनिकांच्या हालअपेष्टा पाहून त्यांनी वरिष्ठांना त्याबद्दल लिहिलं. पण या सैनिकांना पुन्हा लष्करात घ्यावं का, या प्रश्नावर त्यांचं उत्तर नाही असं होतं.

आज वाचताना हे खटकू शकतं. त्यांचा विचार समजून घ्यायचा तर छावणीतल्या दोन जवानांची कल्पना करा. दोघेही जपान्यांच्या कैदेत होते. एकाने घेतलेली शपथ मोडली आणि तो देशासाठी लढतोय या भावनेने आझाद हिंद फौजेत गेला. दुसऱ्याने शपथ मोडली नाही आणि कैदेत हाल सोसले. उद्या दोघांना एकाच पलटणीत, एकाच बराकीत ठेवायचं, तर त्या पलटणीची शिस्त कशावर उभी राहणार? उद्या कुणाला तिसरंच कारण शपथेपेक्षा मोठं वाटलं तर त्याला काय सांगणार? करिअप्पांच्या मते सैनिकाने स्वतःच्या राजकीय मतानुसार बाजू बदलायची मोकळीक ठेवली, तर ती मोकळीक स्वतंत्र भारताच्या सरकारलाही कधीतरी महागात पडू शकली असती.

स्वातंत्र्यानंतर नेहरू सरकारनेही या सैनिकांना लष्करात परत घेतलं नाही. यावर आजही वाद होतो आणि दोन्ही बाजूंकडे वजनदार मुद्दे आहेत. गंमत म्हणजे आझाद हिंद फौजेमुळे घराघरात पोहोचलेलं 'जय हिंद' हे अभिवादन भारतीय लष्कराने आपलंसं केलं आणि ते रुजवण्यात करिअप्पांचाच मोठा वाटा होता.

फाळणी, गांधीजी आणि काश्मीर

१९४७ मध्ये देशाबरोबर सैन्याचीही वाटणी झाली. ढोबळ मानाने दोन तृतीयांश भारताकडे, एक तृतीयांश पाकिस्तानकडे. माणसं, बंदुका, गाड्या, अगदी बँडची वाद्यंही वाटली गेली. वर्षानुवर्षं एका मेसमध्ये जेवलेले अधिकारी दोन देशांत गेले. सैन्याच्या वाटणीचं काम करणाऱ्या समितीत करिअप्पाही होते. सैन्य एकत्र राहावं असं त्यांना मनापासून वाटत होतं, पण निर्णय झाल्यावर त्यांनी तो राबवला.

त्याच वर्षी अहिंसा सैन्याच्या कामाची नाही अशा अर्थाचं त्यांचं वक्तव्य छापून आलं आणि गांधीजींनी 'हरिजन'मधून त्याचा समाचार घेतला. करिअप्पांनी त्यावर अबोला धरला नाही. ते स्वतः गांधीजींना भेटायला गेले. त्यांची अडचण एका सेनाधिकाऱ्याची होती. जवानाला अहिंसेचं मोल समजावून सांगायचं, पण त्याच्या कर्तव्याची धार कमी होऊ द्यायची नाही, हे कसं करायचं? याचं सोपं उत्तर दोघांकडेही नव्हतं. पण बंदूक चालवणाऱ्याने बंदुकीची मर्यादा ओळखली पाहिजे, हे त्या प्रश्नातच मान्य केलेलं होतं.

१९४८ च्या जानेवारीत ते पश्चिम आघाडीचे प्रमुख झाले आणि काश्मीरचं युद्ध त्यांच्या अखत्यारीत आलं. इथे नौशेरा भागात त्यांच्या हाताखाली ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान लढत होते. फाळणीच्या वेळी पाकिस्तानात जाण्याचा पर्याय उस्मान यांच्यापुढे होता, तो त्यांनी नाकारला. नौशेराजवळच्या एका मोहिमेला त्यांनी करिअप्पांच्या टोपणनावावरून 'ऑपरेशन किपर' असं नाव दिलं. ३ जुलै १९४८ रोजी झांगरजवळ उस्मान शहीद झाले. धर्माच्या नावावर देशाची फाळणी होऊन वर्षही झालं नव्हतं आणि एक मुस्लिम ब्रिगेडियर भारतासाठी प्राण देत होता. सैन्याची मूल्यं म्हणजे काय, हे सांगायला याहून वेगळं भाषण लागत नाही.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मेजर जनरल थिमय्या यांच्या नेतृत्वाखाली झोजिला खिंडीत रणगाडे चढवून भारतीय लष्कराने लडाखचा रस्ता मोकळा केला. ही मोहीमही करिअप्पांच्याच कमांडखालची.

बंगला बदलला, म्हणजे काय बदललं?

१५ जानेवारी १९४९ रोजी करिअप्पा कमांडर-इन-चीफ झाले. पण ज्या खुर्चीवर ते बसले, ती आधीची खुर्ची राहिली नव्हती.

ब्रिटिश काळात कमांडर-इन-चीफ हा व्हाइसरॉयच्या खालोखाल ताकदवान माणूस मानला जायचा. तो व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात बसायचा, म्हणजे सैन्यही त्याच्याकडे आणि सैन्याबद्दलच्या निर्णयांतही त्याचाच शब्द. दिल्लीत त्याच्यासाठी प्रशस्त बंगला होता. स्वातंत्र्यानंतर तो बंगला पंतप्रधान नेहरूंचं निवासस्थान झाला. आज आपण त्याला तीन मूर्ती भवन म्हणून ओळखतो. लष्करप्रमुख आता मंत्रिमंडळात नव्हता. तो संरक्षणमंत्र्यांना आणि त्यांच्यामार्फत संसदेला उत्तरदायी होता. सर्वोच्च सेनापतिपद राज्यघटनेने राष्ट्रपतींकडे दिलं.

म्हणजे पहिल्यांदाच भारतीय माणूस या पदावर आला आणि नेमकं तेव्हाच त्या पदाचे अधिकार कमी झाले. एखाद्या महत्त्वाकांक्षी सेनापतीला हे झोंबलं असतं. करिअप्पांनी लष्कराला या नव्या चौकटीत बसवण्याचं काम हाती घेतलं.

ब्रिटिशांनी जात, धर्म आणि प्रदेश बघून पलटणी बांधल्या होत्या. करिअप्पांच्या काळात १९४९ मध्ये ब्रिगेड ऑफ द गार्ड्स उभी राहिली. चार जुन्या रेजिमेंटमधल्या नामांकित पलटणी एकत्र आणून त्यात देशाच्या कुठल्याही भागातल्या, कुठल्याही जातीच्या तरुणाला जागा खुली केली गेली. जुन्या रेजिमेंट मोडल्या नाहीत. शीख, मराठा, राजपूत, डोगरा या परंपरा राहिल्या, पण त्यांच्या शेजारी एक वेगळा नमुना उभा राहिला. त्याच वर्षी टेरिटोरियल आर्मीही सुरू झाली, म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून सैन्यात सेवा देण्याची सोय.

कायदा काय सांगतो?

त्यांच्याच कार्यकाळात, १९५० मध्ये, आर्मी अ‍ॅक्ट आला. लष्करी शिस्तीचा कायदेशीर पाया आजही हाच आहे. त्यातल्या काही तरतुदी बघितल्या की आपल्या सुरुवातीच्या प्रश्नांची उत्तरं मिळू लागतात.

कलम ४१ वरिष्ठाचा हुकूम मोडणं हा गुन्हा ठरवतं, पण तो हुकूम कायदेशीर असला पाहिजे, ही अट त्यातच आहे. म्हणजे डोळे झाकून काहीही ऐकणं याला कायदा शिस्त म्हणत नाही.

कलम ४५ अधिकाऱ्याला न शोभणाऱ्या वर्तनाबद्दल आहे. पद जितकं मोठं, तितकी वागण्याची अपेक्षा जास्त.

कलम ४७ हाताखालच्या माणसाला मारहाण किंवा छळ करणाऱ्यासाठी आहे. मुंबईच्या नौसैनिकांची गोष्ट आठवा, म्हणजे लष्करी कायद्यात असं कलम का लागतं हे लक्षात येईल.

कलम २१ नुसार सैनिकाच्या राजकीय पक्षात जाण्यावर, सभा-मोर्च्यांत भाग घेण्यावर आणि वृत्तपत्रांशी बोलण्यावर सरकार बंधनं घालू शकतं. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला तसा अधिकार दिला आहे. हातात शस्त्र असणाऱ्याने राजकारणात बाजू घेऊ नये, हा त्यामागचा विचार.

थोडक्यात, शिस्त दोन पायांवर उभी असते. एक पाय संघटनेच्या मूल्यांचा : शपथ, पलटणीची परंपरा, नागरी सरकारचं वर्चस्व. दुसरा पाय वैयक्तिक जबाबदारीचा : चूक झाली तर उत्तर मला द्यायचंय आणि पद बघून मला सूट मिळणार नाही. पहिला पाय नसेल तर माणूस फक्त शिक्षेला घाबरून वागतो. दुसरा नसेल तर मूल्यं भिंतीवरच्या पाटीपुरती उरतात.

दुसऱ्या पायाबद्दल करिअप्पा घरातही कडक होते, असं सांगतात. एकदा नेहमीची गाडी आली नाही म्हणून त्यांच्या शाळकरी मुलासाठी सरकारी गाडी वापरली गेली. करिअप्पांना कळल्यावर ते संतापले आणि त्या फेरीचे पैसे त्यांनी स्वतःच्या खिशातून भरायला लावले, अशी आठवण आहे. रक्कम किरकोळ असेल. पण साहेबाची गाडी कुठे जाते, हे ड्रायव्हरपासून शिपायापर्यंत सगळे बघत असतात.

नेहरूंचं पत्र

इथपर्यंत वाचून वाटेल की करिअप्पा म्हणजे चुका न करणारा पुतळा. तसं अजिबात नव्हतं.

लष्करप्रमुख असताना ते देशभर भाषणं करायचे आणि पत्रकार परिषदा घ्यायचे. विषय कधी लष्कराचा असायचा, कधी नसायचा. सरकारमध्ये कुजबुज सुरू झाली की हे आता पुढाऱ्यासारखे बोलू लागले आहेत. ऑक्टोबर १९५२ मध्ये नेहरूंनी त्यांना पत्र लिहून पत्रकार परिषदा कमी करण्याचा आणि बोलायचंच असेल तर लष्कराच्या कक्षेतल्या विषयांवर बोलण्याचा सल्ला दिला.

एका लोकप्रिय सेनापतीला पंतप्रधानांनी हात आखडता घ्यायला सांगितलं, तरी देशात काही घडलं नाही, हेच या प्रसंगात महत्त्वाचं. करिअप्पांनी बंड केलं नाही, की राजीनाम्याची धमकी देत फिरले नाहीत. जानेवारी १९५३ मध्ये ठरल्या वेळी ते निवृत्त झाले. निरोप घेताना त्यांनी सैनिकांना बजावलं ते हेच, की राजकारणापासून लांब राहा, जे सरकार असेल त्याची सेवा करा आणि पक्षीय भांडणात पडू नका. सरकारने त्यांना उच्चायुक्त म्हणून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला पाठवलं, तिथे ते १९५६ पर्यंत राहिले.

एकाच ब्रिगेडमधले दोन अधिकारी

आता सीमेपलीकडे बघूया. दुसऱ्या महायुद्धानंतर करिअप्पा वायव्य सरहद्दीवर बन्नू इथल्या ब्रिगेडचे प्रमुख होते. तिथे त्यांच्या हाताखाली एक अधिकारी होता, मोहम्मद अयुब खान.

फाळणीनंतर अयुब खान पाकिस्तानात गेले आणि १९५१ मध्ये तिथले पहिले स्थानिक कमांडर-इन-चीफ झाले. त्याच वर्षी पाकिस्तानात काही लष्करी अधिकाऱ्यांचा सरकार उलथवण्याचा कट उघड झाला, ज्याला रावळपिंडी कट म्हणतात. १९५४ मध्ये अयुब खान गणवेशात असतानाच संरक्षणमंत्री झाले. म्हणजे लष्करप्रमुख स्वतःलाच उत्तर देणार. १९५८ च्या ऑक्टोबरमध्ये मार्शल लॉ लागला आणि त्याच महिन्यात अयुब खान देशाचे सर्वेसर्वा झाले.

दोघांचं सैन्य एक, प्रशिक्षण एक, काही काळ ब्रिगेडही एकच. मग फरक कुठे पडला? कारणं बरीच आहेत : मुस्लिम लीगची कमकुवत संघटना, राज्यघटनेला झालेला उशीर, सतत बदलणारी सरकारं. पण एक कारण नजरेआड करता येत नाही. भारतात लष्करप्रमुखाला जाब विचारणारं कुणीतरी वर बसलेलं होतं, तिथे ती जागा लष्करप्रमुखानेच घेतली.

आणि करिअप्पांचं काय? ते पाकिस्तानात गेले आणि त्यांनी या सत्तापालटाची जाहीर स्तुती केली! देशातल्या गोंधळामुळे या देशभक्त सेनापतींना पाऊल उचलावं लागलं, असा त्यांचा सूर होता. सैनिकांना राजकारणापासून लांब राहायला सांगणाऱ्या माणसाचं हे मत. माणूस एका रंगात रंगवता येत नाही, तो असा.

मुलगा युद्धकैदी झाला तेव्हा

१९६५ चं युद्ध सुरू झालं तेव्हा अयुब खान पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष होते आणि करिअप्पांचा मुलगा नंदा भारतीय हवाई दलात हंटर विमानाचा वैमानिक होता. २२ सप्टेंबरला, युद्धविराम होता होता, त्याचं विमान पाडलं गेलं. तो जखमी अवस्थेत पाकिस्तानच्या हाती लागला.

तो कुणाचा मुलगा आहे हे कळल्यावर अयुब खान यांनी जुन्या साहेबांपर्यंत निरोप पोहोचवला. मुलाची नीट काळजी घेतली जाईल असा दिलासा त्यात होता आणि त्याला लवकर सोडण्याची तयारीही होती, असं सांगितलं जातं.

करिअप्पांनी वेगळी सवलत नाकारली. पकडलेले सगळेच भारतीय सैनिक आपली मुलं आहेत, वागवायचं तर सगळ्यांना सारखं वागवा, अशा आशयाचं त्यांचं उत्तर गेलं. नंदा करिअप्पा इतर युद्धकैद्यांप्रमाणे कैदेत राहिले आणि १९६६ मध्ये सुटून आले. पुढे ते हवाई दलात एअर मार्शल झाले.

बाप म्हणून हे सोपं नव्हतं. जखमी मुलगा शत्रूच्या ताब्यात होता आणि तो सुटण्याची शक्यता समोर होती. होकार दिला असता तर कुणी दोषही दिला नसता. पण त्याच कैदेत दुसऱ्या एखाद्या गावच्या शेतकऱ्याचा मुलगाही होता आणि त्याच्या वडिलांची राष्ट्राध्यक्षांशी ओळख नव्हती. नियम स्वतःच्या घरावर येतो तेव्हाच तो खरा आहे की नाही हे कळतं, म्हणून हा प्रसंग इतक्या वर्षांनंतरही सांगितला जातो.

मुंबईतली निवडणूक

साठच्या दशकाच्या अखेरीस करिअप्पांनी वृत्तपत्रासाठी लेख लिहून पश्चिम बंगालमधल्या अशांततेवर उपाय म्हणून किमान पाच वर्षं राष्ट्रपती राजवटीचा आग्रह धरला. १९७१ मध्ये तर त्यांनी मुंबईतून लोकसभेची निवडणूकच लढवली. मतदारांनी त्यांना नाकारलं.

निवृत्त अधिकाऱ्याला मत मांडायचा आणि निवडणूक लढवायचा पूर्ण हक्क आहे. गणवेश उतरवून, अर्ज भरून, मतं मागून हरणं यात चौकट कुठेच मोडत नाही. पण त्यांच्या मतांकडे बघितलं की एक गोष्ट लक्षात येते. निवडून आलेल्या राजकारण्यांबद्दल त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं. कडक हाताने कारभार व्हावा असं त्यांना वाटायचं. तरीही चार वर्षं देशाचं सैन्य हातात असताना त्यांनी त्या मतावर कृती केली नाही.

याचं श्रेय एकट्या करिअप्पांना देता येणार नाही आणि त्यांच्याकडून ते काढूनही घेता येणार नाही. वर नेहरूंसारखा नजर ठेवणारा पंतप्रधान होता, कायदा होता, राज्यघटना होती. आणि करिअप्पांच्या मनातही एक रेघ स्पष्ट होती : माझं मत माझं, पण सैन्य माझं नाही.

आज त्यांचं काय उरलं?

१९८६ मध्ये सरकारने करिअप्पांना फील्ड मार्शल केलं. हा मान मिळालेले भारतीय लष्करातले अधिकारी दोनच, सॅम माणेकशॉ आणि करिअप्पा. फील्ड मार्शल कधी निवृत्त होत नाही, त्यामुळे ते पुन्हा औपचारिकपणे गणवेशात आले. १५ मे १९९३ रोजी बंगळुरूत त्यांचं निधन झालं.

त्यांच्या आधीच्या साहेबांचा बंगला आता संग्रहालय झालाय. कमांडर-इन-चीफ हे पदनाम १९५५ मध्येच गेलं. अयुब खान यांच्यानंतर पाकिस्तानात याह्या खान, झिया-उल-हक आणि परवेझ मुशर्रफ असे आणखी तीन लष्करप्रमुख सत्तेवर बसले. भारतात आजवर एकदाही तसं झालं नाही.

शिस्तीबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुतेक वेळा खालच्या माणसाबद्दल बोलतो : जवान, शिपाई, कर्मचारी, विद्यार्थी. करिअप्पांची गोष्ट हा प्रश्न उलटा विचारायला लावते. सगळ्यात वरच्या खुर्चीवर बसलेला माणूस कुणाला उत्तर देतो? त्याला कुणी पत्र लिहून थांबवू शकतं का? त्याच्या घरातल्या माणसाला नियम लागू होतो का? सैन्य असो, सरकारी कचेरी असो किंवा तुमचं स्वतःचं ऑफिस, या तीन प्रश्नांची उत्तरं होकारार्थी असतील तर खालच्या शिस्तीची फार चिंता करावी लागत नाही.